पास्कूच्या नावाने एक रुपया

जत्रेला पंधरा दिवस होते. वार शनिवार, रक्कम एक रुपया. हजर तिघे: चर्चचे पाद्रीबाब, बंदरावरच्या आमच्या बोट-कचेरीत तिकिटं लिहिणारा कारकून आणि मी, तिथलाच कॅशियर. कारकुनाने रुपया दिला, पाद्रीबाबांनी तो घेतला. कारण असं सांगितलं की, समुद्रात बुडालेल्या एका खलाशाच्या आत्म्यासाठी मिस करायची आहे. मिस म्हणजे त्यांच्याकडची चर्चमधली प्रार्थना. मी सवयीने विचारलं, "पावती?"

पाद्रीबाब हसले. "ह्याची पावती वरून येते."

तो खलाशी कधी जन्मालाच आलेला नव्हता, हे तिथे एकट्या कारकुनाला ठाऊक होतं.

हा कारकून नाटकं लिहीत असे. वेंगुर्ल्यात आमचं हौशी मंडळ होतं, मी त्याचा खजिनदार. मंडळात तो एकटा ख्रिस्ती, पण दरवर्षी जत्रेचं नाटक त्याचंच. त्याला काहीही विचारा, पुढचा प्रवेश कधी देशील, ह्या पात्राचं लग्न होणार का, उत्तर एकच: "इचारून सांगतंय." नव्या माणसाला वाटे, बायकोला विचारणार असेल. तो देवाला विचारत असे.

दुपारी बोट निघून गेली की कचेरीत शांत होई. मग तो टेबलाखाली चपला काढून ठेवी, पेनाला टोपण लावी आणि डोळे मिटून बसे. टोपण काढलं की समजावं, उत्तर आलं. कधीकधी टोपण तसंच राही आणि तो चपला घालून घरी जाई. एकदा मी विचारलं, "देव तुला संवाद सांगतो?"

"संवाद कित्याक सांगतलो? ते धक्क्यार फुकट गावतत," तो म्हणाला. "मी इतक्याच इचारतंय, ह्या माणसाचा मी असा करू काय? तो माणूस माजो नाय, खजिनदारानु. माज्याकडे ठेवक दिलेलो आसा."

लोकांची ठेव सांभाळणं हे माझंही काम. त्यामुळे हे मला पटलं.

त्याच्या घरी संध्याकाळी सगळे गुडघे टेकून प्रार्थना करीत. घरातल्यांची नावं झाली की तो चालू नाटकातल्या पात्रांची नावं घेई, खलनायकाचंसुद्धा. बायको माझ्यासमोर त्याला म्हणाली होती, "औंदा पात्रां कमी घाल रे बाबा. माजे गुडघे दुखतत." तो गंभीरपणे म्हणाला, "दोन कमी केलंय." ती म्हणाली, "मगे तो सावकार पण काड. तेच्यासाठी प्रार्थना करताना माका राग येता."

त्या वर्षीचं नाटक पास्कू नावाच्या खलाशाचं होतं. घरी भांडून समुद्रावर गेलेला, तिसऱ्या अंकात वादळात बुडणारा. पास्कूचं काम करणार आमचा बापू, मंडळाचा चिटणीस. त्याने आठवडाभर आधीपासून मरायची तालीम चालवली होती. बाकावरून पडे, उठे आणि म्हणे, "आता बरा मेलंय मां?" पण तिसरा अंक हातात येईना. बापू रोज कचेरीत येई.

"अरे, माका मराक गावतला काय नाय?"

"इचारून सांगतंय."

"कधी? जत्रा झाल्यार?"

पेनाचं टोपण निघत नव्हतं. पास्कूला मारायचं तर आहे, पण परवानगी मिळत नाही, असं त्याने मला सांगितलं. शेवटी त्याने स्वतःच तोडगा काढला. आधी मृताच्या नावाने मिस करून टाकायची, म्हणजे मन मोकळं होईल आणि मरण लिहिता येईल. खोटं नाव सांगायची लाज वाटली, म्हणून तो नुसतं 'एक खलाशी' म्हणाला.

तुम्ही त्या किनाऱ्यावर राहिला असाल तर पुढचं तुम्हाला कळलंच असेल. रविवारी पाद्रीबाबांनी चर्चमध्ये मोठ्याने सांगितलं: समुद्रात बुडालेल्या एका खलाशासाठी. नाव नाही. आणि चर्चभोवतीच्या वाडीत घरटी एक मुलगा जहाजावर.

मिस संपायच्या आत बायका उठल्या आणि थेट बंदरावर आल्या. बातमी आली तर आमच्या कचेरीत येणार, असा त्यांचा समज. रविवारची बोट असल्याने मी खिडकीत होतो. सर्वांत पुढे आनमाय होती. तिचा मुलगा जुवांव जहाजावर गेलेला, आणि पावसाळ्यापासून त्याचं पत्र नव्हतं. तिने खिडकीचे गज धरले.

"कोणाचो झील बुडालो? माजो आसल्यास आताच सांग."

कालचा रुपया कोणासाठी होता, ते मलाही माहीत नव्हतं. मी तार आली नसल्याचं सांगितलं, पण तिला ते खरं वाटेना. तेवढ्यात कारकून धावत आला, चर्चचा कोट अंगात, चेहरा पांढराफटक.

"माय, कोणाचोच नाय! कोण बुडाक नाय!"

"मगे मिस कोणाची?"

"पास्कूची. नाटकातलो पास्कू. मी लिवलेलो."

 मागून एक बाई हसली, आणि बाकीच्या त्याला शिव्या देऊ लागल्या. आनमाय पायरीवर बसली. हसत होती की रडत होती, ते मला कळलं नाही. पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "मेल्या, तुज्या पास्कूक आवस आसा?"

"आसा. पयल्या अंकात."

"आणि तो बुडता तेवा ती खंय आसा?"

 त्याने पास्कूबद्दल देवाला विचारलं होतं, पास्कूच्या आईला मात्र पहिल्या अंकातच सोडून दिलं होतं.

"तिका इचार आदी," आनमाय म्हणाली आणि उठली.

तो आत आला. चपला काढल्या, खुर्चीत बसला आणि डोळे मिटायच्या आधीच पेनाचं टोपण काढलं. बोट आली, बोट गेली. रविवारची तिकिटं मीच लिहिली.

पाद्रीबाबांनी त्याला बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. रुपया परत दिला नाही. तोच रुपया जिवंत खलाशांच्या मिसकडे वळवला. आमच्या भाषेत खातं बदललं.

जत्रेत नाटक झालं. तिसऱ्या अंकात वादळ पडद्यामागेच होतं. रंगमंचावर फक्त धक्का आणि येणाऱ्या प्रत्येक होडीला विचारणारी आई. शेवटी एका होडीतून बापू रिकाम्या हाताने उतरला, मरायला मिळालं नाही म्हणून जरा रुसलेला, आणि तेच त्या प्रवेशाला शोभलं. आईला मोठं भाषण असेल असं आम्हाला वाटलं होतं. तिने मुलाकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलंस?"

पुढे बसलेली आनमाय मोठ्याने म्हणाली, "तेका काय इचारतंस? वाड आदी!" सगळा मांडव हसला. मी मात्र तिच्याकडे बघत होतो. तिच्या जुवांवचं पत्र तेव्हाही आलेलं नव्हतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी मुंबईच्या बोटीतून जुवांव उतरला. जहाज दुरुस्तीला कुठल्याशा बंदरात अडकलं होतं. आनमायने आधी त्याचे दोन्ही हात चाचपून पाहिले. मग खिडकीतल्या आम्हा दोघांकडे वळून ती ओरडली, "इलो रे! जेवाक नाय हा तो!" आणि त्याला ओढतच घरी घेऊन गेली. माझ्या शेजारी टेबलाखाली चपलांचा आवाज झाला. त्याने डोळे मिटले होते. ह्या वेळी काही विचारत नव्हता, असं मला वाटतं.

पुढे बरीच वर्षं तो लिहीत राहिला. मग छातीच्या दुखण्याने गेला. दुपारी बोट गेली की कचेरी अजून तशीच शांत होते. त्याच्या टेबलावर आता दुसरा कारकून बसतो. चांगला मुलगा आहे, पण चपला काढत नाही.

गेल्या महिन्यात मी चर्चमध्ये गेलो. पाद्री नवे होते. मी मिससाठी आमच्या गेलेल्या कारकुनाचं नाव सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "पास्कू."

"मृत?"

"नाही. त्याला जिवंतांत घाला."

दोन नावांचे दोन रुपये त्यांना दिले. पावती मागितली नाही.