मऊ पाणी

धाकटीचा जन्म पांढऱ्या डागांशी भांडण्यात चालला होता. लाँड्रीतल्या वाफेच्या इस्त्र्या तिच्या ताब्यात होत्या. नळाचं क्षाराचं पाणी इस्त्रीत गेलं की भोकं बुजतात आणि नेमकी गिऱ्हाइकाच्या काळ्या कोटावर पांढरी पिचकारी उडते, हे ती नव्या बायकांना पहिल्याच दिवशी दटावून सांगायची. पाण्यातला क्षार काढून ते मऊ करणारं यंत्र दुकानात होतं, आणि त्याच्यावर तिचा भारी विश्वास.

तिची थोरली जाऊ भावाच्या ऑपरेशनसाठी परगावी गेली आणि तिची पाण्यातल्या गोगलगायींची काचेची टाकी धाकटीच्या गळ्यात पडली. थोरलीचा त्या गोगलगायींवर फार जीव. सगळ्यांत मोठीला ती ‘मावशी’ म्हणायची, कारण ती गोगलगाय कुठंही जायचं तर आधी शिंगं फिरवून सगळ्या टाकीची चौकशी करून मग निघायची.

“पाणी नळाचंच घाल हं, दिवसभर बादलीत ठेवलेलं,” थोरली निघताना म्हणाली.

“हो ताई, काळजीच करू नका.”

धाकटीनं मान डोलावली खरी, पण तिचं लक्ष काचेवर होतं. पाण्याच्या रेघेला पांढरा थर चढलेला. ताईंना हा दिसत कसा नाही? दुसऱ्याच दिवशी तिनं काच घासून लख्ख केली आणि दुकानातून मऊ पाण्याचे कॅन आणायला लागली. “ताई, तुमची टाकी ओळखू येणार नाही!” तिनं फोनवर ऐटीत सांगितलं.

काही आठवडे गेले. मग गोगलगायींच्या शंखांची टोकं पांढुरकी दिसायला लागली. मेला थर इथंही पोचला, असं म्हणत तिनं मावशीला बाहेर काढलं आणि जुन्या टूथब्रशनं खसाखसा घासलं. भिजल्या खडूसारखा एक तुकडा तिच्या तळहातावर सुटून आला. मावशीनं अंग आत ओढलं आणि शंखाचं दार लावून घेतलं. धाकटीनं घाईघाईनं तिला परत पाण्यात सोडलं.

संध्याकाळी फोन आला. “मावशी काय म्हणते?”

“मजेत आहे,” धाकटी म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं शोभेच्या माशांचं दुकान गाठलं. दुकानदारीण म्हणाली, “पाणी कुठलं घालता? मऊ? अहो, शंख चुन्याचाच असतो. पाण्यात चुना नसला की ते शंखातूनच ओढून घेतं. तो डाग नव्हता बाई, शंख विरत होता.”

“आता भरून येईल ना?”

“गेलं ते गेलं. पण शंख तोंडाच्या बाजूनं वाढतो, तो नवा भाग धड येईल. नळाचं पाणी एकदम ओतू नका, रोज थोडं थोडं बदला.”

धाकटीनं चुन्यासाठी अंड्यांची टरफलं धुऊन, कुटून टाकीत टाकली. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात तसला समुद्रफेस आणला, पालक उकडून घातला. नवरा म्हणाला, “एका गोगलगायीपायी एवढा जीव काय जाळतेस? तसलीच दुसरी आणून सोड. वहिनीला काय कळतंय!” क्षणभर तिला ते पटलं. पटलं याचीच मग तिला जास्त लाज वाटली. तिनं तिथल्या तिथं फोन लावला आणि ब्रशसकट सगळं सांगून टाकलं.

 “घासलंस तिला?” थोरलीनं विचारलं.

“हो.”

“बरं,” म्हणून थोरलीनं फोन ठेवला.

ती परतली तेव्हा मावशी जिवंत होती. शंखाच्या तोंडाशी गुळगुळीत तपकिरी पट्टी आली होती, मागे मात्र पांढरे खड्डे तसेच. थोरली बॅगही खाली न ठेवता वाकून बघत राहिली.

“खातेय ना? मग जगेल,” ती म्हणाली. “नळाचंच का, ते मीही सांगितलं नाही तुला.”

चार शब्द खडसावून ऐकवले असते तर धाकटीनं ते आनंदानं सोसले असते. या समजूतदारपणापुढे तिला उभं राहवेना. “चहा टाकते,” असं पुटपुटत ती आत गेली आणि रिकामं भांडं नळाखाली धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.