पाळणाघरातला पाळणा

"मूल ही राष्ट्राची संपत्ती आहे," नाडकर्णी म्हणाले आणि त्यांनी रिमोट उचलून एसी थोडा कमी केला.

तळोज्यातल्या एका रंगाच्या कंपनीची ती बोर्डरूम. नाडकर्णी तिथले सीएसआर हेड. कंपनीने नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करायचा असतो, त्याला सीएसआर म्हणतात, आणि तो कुठे करायचा हे नाडकर्णी ठरवायचे. हेच वाक्य मी त्या महिन्यात शेजारच्या दोन कंपन्यांतही ऐकलं होतं. संपत्तीबद्दल कुणाचाच वाद नव्हता. देखभालीचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

मी बरीच वर्षं कारखान्यांच्या एचआरमध्ये काढली आणि मग बेलापूरच्या एका संस्थेत 'पार्टनरशिप कोऑर्डिनेटर' झाले. म्हणजे ज्यांना एकमेकांशी बोलायची इच्छा नाही अशा लोकांना एका टेबलाशी बसवायचं आणि चहा येईपर्यंत उठू द्यायचं नाही. या खेपेला तीन कंपन्या, एक गाव आणि आमची संस्था मिळून एक पाळणाघर काढायचं होतं.

कायदा साधा आहे. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघर लागतं. स्वतःचं काढा, नाहीतर शेजाऱ्यांबरोबर सामायिक. पण पॅकिंगच्या बायका कॉन्ट्रॅक्टवर असतात. कंपनी म्हणते, त्या कॉन्ट्रॅक्टरच्या. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, जागा कंपनीची. मूल बाईचं, यावर मात्र दोघांचं एकमत असतं.

अशीच एक बाई रंजना कांबळे. मूळची हिंगोलीकडची. नाडकर्णींच्याच कंपनीत डबे खोक्यात भरायची. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमाल. राहायला कारखान्यांमागच्या गावात, चाळीतली एक खोली. आरुष दोन वर्षांचा, प्राची पाचवीत. सासू होती तोवर आरुषची काळजी नव्हती. सासू गेली, आणि प्राचीची शाळा सुटली. पहिल्या पाळीला आई सकाळीच बाहेर पडायची. मग दिवसभर भावाला प्राची सांभाळायची.

"शाळेतल्या बाई चांगल्या हायत," रंजना मला म्हणाली होती. "म्हणल्या, नाव काढत नाही, पण दिवाळीनंतर तरी पाठवा. मॅडम, दिवाळीपर्यंत होईल ना तुमचं?"

होईल, असं मी म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

जागा गावाने दिली. महिला मंडळाच्या मंगलाताई पाटील यांनी मंडळाचा हॉल उघडून दाखवला. "भारा नको आमाला, फुकट वापरा," त्या म्हणाल्या. "पन बाय, हलद आसली का पोरांना सुट्टी."

आगरी गावातली हळद म्हणजे लग्नाआधीची रात्रभराची गर्दी आणि डीजे, हे मला माहीत होतं. मी मान्य केलं.

मग वस्तू यायला लागल्या. शेजारच्या एका कंपनीने भिंतींवर जिराफ आणि फुलपाखरं रंगवून दिली. दुसरीने पाण्याचं मशीन बसवलं. त्याच्यावर कंपनीचं नाव मशीनपेक्षा जरा मोठं होतं. रंगवाल्यांचं काय, म्हणून मी नाडकर्णींकडे गेले.

"आम्ही पाळणा देतोय," ते म्हणाले. "सागवानी. कोरीव काम आहे. चेअरमन मॅडमची कल्पना."

"सर, मुलं दोन ते पाच वर्षांची आहेत. पाळण्यात मावणार नाहीत."

"पाळणाघर म्हणायचं आणि आत पाळणा नाही? कसं दिसेल ते?"

शब्द तर तोच होता.

"पाळण्याऐवजी मुलं सांभाळणाऱ्या दोघींचा पगार द्या," मी म्हणाले.

नाडकर्णींनी समजुतीने मान हलवली. "मॅडम, पगार रिकरिंग असतो."

रिकरिंग म्हणजे दर महिन्याला परत येणारा खर्च. वस्तू एकदा घेतली की हात मोकळे. पगार देत बसावा लागतो. बाकीच्या दोन कंपन्यांचं म्हणणंही हेच होतं, फक्त एकीने ते स्लाइडवर दाखवलं. मुलांच्या आयांकडून जेवढं घेता आलं असतं, त्यात एकीचाही पगार निघत नव्हता. आमच्या संस्थेकडे माझ्याच पगाराची ओढाताण होती.

शेवटी नाडकर्णींनी तोडगा काढला. हॉलमध्येच मीटिंग झाली.

"हे कम्युनिटीने उचलावं," ते मंगलाताईंना म्हणाले. "त्यातून ओनरशिप येते."

"ओनरशिप म्हंजे काय गो?" मंगलाताईंनी मला विचारलं.

"म्हणजे पगार तुम्ही द्यायचे."

"मंग तसा सांगा ना मराठीत." त्या नाडकर्णींकडे वळल्या. "साहेब, आमच्या जमिनी घेतल्या तवा आमाला ओनरशिप कोनी इचारली नाय. आता पोरांचे शेंबूर पुसाला ओनरशिप?"

नाडकर्णी हसले आणि त्यांनी डायरीत काहीतरी लिहिलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "लीडरशिप पोटेन्शिअल आहे बाईंमध्ये."

मी म्हणाले, पगाराचं ठरेपर्यंत उद्घाटन नको. ते म्हणाले, चेअरमन मॅडमची तारीख मिळाली आहे, पगाराचं फेज टूमध्ये बघू, तिन्ही कंपन्या पॉझिटिव्ह आहेत. आमच्या संस्थेच्या संचालकांनाही तारीख महत्त्वाची वाटली. त्या शुक्रवारी उद्घाटन झालं.

रंजना अर्धा दिवस खाडा करून दोन्ही मुलांना घेऊन आली. आरुषच्या डोळ्यांत काजळ होतं. प्राची शाळेच्या गणवेशात होती, दोन वेण्या, लाल रिबिनी.

मी रंजनाला बाजूला घेतलं. "अजून बायका नेमलेल्या नाहीत. मी सांगितल्याशिवाय भरवसा ठेवू नका."

"अहो, एवढा मांडव घातलाय," रंजना म्हणाली. "आता कोण नाही म्हणतंय?"

चेअरमन मॅडमना झोका द्यायचा होता. रिकाम्या पाळण्याला झोका देऊ नये म्हणतात, म्हणून आरुषला उचलून आत ठेवलं. तो बसला, पण पाय मावेनात. कुणीतरी त्याचे गुडघे दुमडले. फोटोग्राफर म्हणाला, बाळाला जरा झोपवा ना. बाळ झोपायला तयार नव्हतं. तसाच फोटो निघाला. मग मॅडमनी प्राचीच्या गालाला हात लावला.

"कितवीत आहेस तू?"

"पाचवीत," प्राची म्हणाली. "सोमवारपासून."

सगळे कौतुकाने हसले.

सोमवारी सकाळी रंजनाचा फोन आला. "मॅडम, कुलूप हाय."

मी नाडकर्णींना फोन लावला. ते म्हणाले, मॅडम, इतक्या सकाळी? रंजना आरुषला घरी सोडून गेटवर पोचली तेव्हा उशीर झाला होता. सुपरवायझरने तिला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर गेली. प्राची घरी राहिली.

मी पुढे पाच-सहा मीटिंगा लावल्या. पहिलीला तिन्ही कंपन्या आल्या, शेवटच्या मीटिंगला मी आणि चहावाला. फेज टू हा कागदावरही कधी आला नाही. दिवाळी झाली. मार्चमध्ये परीक्षाही झाल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर मी त्या चाळीत गेले. खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत प्राची चार मुलांना वरणभात भरवत होती. एक आरुष, बाकीची शेजारच्या बायकांची. त्याही पॅकिंगलाच जायच्या. महिन्याला थोडे पैसे द्यायच्या, आणि ते वेळेवर द्यायच्या. मला बघून प्राची उठली नाही, कारण एक मूल तिच्या मांडीवर पेंगत होतं. दारामागच्या खिळ्याला दप्तर अडकवलं होतं. त्यात लहानग्यांचे कपडे ठेवले होते.

"शाळेत जायचंय का गं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"यांना कोण बघणार मग?" ती म्हणाली.

परिसरातली मुलं सांभाळायची सोय वाढवायची, हे आमचं उद्दिष्ट होतं. ते पूर्ण झालं होतं. कंपनीच्या वेळेत चालणारं, गावातलं, फुकटच्या जागेतलं, एका अकरा वर्षांच्या मुलीचं पाळणाघर.

या कामात मी शिकले ते एवढंच, की ज्याचा फोटो निघतो त्यालाच पैसे मिळतात. पगाराचा फोटो निघत नाही.

हॉल मंगलाताईंनी पुन्हा हळदीला द्यायला सुरुवात केली. जिराफ अजून भिंतीवर आहे, त्याच्या मानेपर्यंत हळदीचे हात उमटले आहेत. पाळणा गर्दीत मोडेल म्हणून नाडकर्णींनी टेम्पो पाठवून परत नेला. आता तो कंपनीच्या रिसेप्शनमध्ये असतो. त्यात रंगांची माहितीपत्रकं ठेवतात. ती बरोबर मावतात.