डोळ्यांनी दिलेली कानाची चाचणी

माझ्या पत्रकांचा सगळ्यात चांगला उपयोग आईनं केला. ती त्यांत पैंजण गुंडाळायची.

हुपरीत आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत चांदीकाम, मागच्या खोलीत संसार. आई पैंजणांना घुंगरं जोडायची. जोडताना आच जरा जास्त लागली की घुंगरातला मणी चिकटून बसतो आणि ते मुकं होतं. व्यापाऱ्याला एक मुकं घुंगरू सापडलं की तो अख्खा जोड परत टाकतो. आईच्या हातचा जोड परत येत नसे, कारण ती प्रत्येक जोड कानाशी धरून हलवायची आणि त्या एवढ्या छुमछुमीत एक मुकं असलं तरी तिला कळायचं. गल्लीतल्या बायका आपापले जोड घेऊन यायच्या. "काकी, जरा कान लावा की ह्याला."

नव्वदच्या दशकात, मी शाळेत असताना, तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी क्षय गेला आणि त्यांच्याबरोबर कानही गेले. आधी घुंगरं गेली, मग बायकांचे आवाज, मग पुरुषांचे. इंजेक्शनं देताना कुणी सांगितलं नव्हतं. नंतर सांगितलं, "होतं असं कधीकधी." त्या 'कधीकधी'चा मला इतका संताप आला की पुढं कॉलेजला कोल्हापुरात आल्यावर रुग्णांच्या हक्कांसाठी भांडणाऱ्या एका गटात मी शिरले ती शिरलेच.

मधल्या काळात आईचा कान मीच होते. ती जोड हलवायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. मी मान हलवली की जोड डब्यात. ओठांवरून बोलणं ओळखायला ती आपली आपणच शिकली. पण मी कोल्हापुरात राहायला लागले, मोर्चे, बैठका, पत्रकं, आणि आई एकेक घुंगरू बोटानं टिचकी मारून, मणी थरथरतो का ते चाचपत बसायची. दिवसाचं काम दोन दिवसांवर गेलं. कान लावायला येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. हे मला दिसत होतं. मी त्यावर पत्रक काढलं नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात बहिऱ्या माणसांवर एक प्रयोग सुरू झाला. कानाच्या आत, शंखासारखा जो भाग असतो त्यात, एक बारीक तार सरकवायची. बाहेरचं यंत्र आवाज पकडतं, तार तो थेट नसेला देते. पण तार सरकवताना आत सूज येते आणि माणसाला जे थोडंफार ऐकू येत असतं तेही जातं. म्हणून या नव्या तारेवर सूज उतरवणारं औषध होतं, हळूहळू झिरपणारं. निम्म्या लोकांना औषधाची तार, निम्म्यांना साधी. कुणाला कुठली, ते ना रोग्याला कळणार, ना तपासणाऱ्याला.

माझं डोकं फिरलं. दवाखान्याच्या दारात मी पत्रकं वाटली: 'माणूस म्हणजे प्रयोगाचा उंदीर नव्हे!' पत्रक लिहायची आम्हाला शिकवलेली रीत होती, आधी माहिती, मग मागणी. त्याप्रमाणं मी वरच्या अर्ध्या पानात प्रयोग नीट समजावला आणि खालच्या अर्ध्यात त्याला झोडपलं. उरलेला गठ्ठा घरी नेला. आईनं पैंजण गुंडाळता गुंडाळता वरचं अर्धं पान वाचलं.

"ह्ये बसवलं तर घुंगरू ऐकू येतंय व्हय?" तिनं विचारलं.

"आई, खालचं वाच. औषधाची तार मिळंल का साधी, ते कुणी सांगणार नाही तुला."

"तार दोन्हीकडं हायच की."

"आणि उरलेला कान गेला म्हणजे?"

"जायाला ऱ्हायलाय कुटं?" असं म्हणून ती हसली.

ते वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. ऐकू येणारी मी होते.

आई माझ्याशिवाय गेली. एसटीनं, एकटी, चांगलं लुगडं नेसून. तिथं अट अशी होती की खालच्या पट्टीतले जाड आवाज, ढोल, मोटर, असं काहीतरी कानात शिल्लक पाहिजे. शिल्लकच नसेल तर औषधानं वाचवलं की नाही ते मोजणार कसं? काचेच्या खोलीत बसायचं आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं, अशा दोन चाचण्यांत आई पास झाली. तिसऱ्या वेळी मी सोबत गेले, खरं तर भांडायला. संमतीचा कागद मी ओळ न ओळ वाचला आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. त्यांनी चारही उत्तरं शांतपणे दिली, त्यामुळं मला आणखीनच राग आला.

"तुम्हीच ना दारात पत्रकं वाटत होता?" ते म्हणाले.

"हो. आणि अजून वाटणार आहे."

"वाटा. पण मावशींच्या बाबतीत चिंता नको. खालचा आवाज छान शिल्लक आहे त्यांना."

ऑपरेशनची तारीख ठरली. त्यानंतरच्या आठवड्यात मी दुपारी हुपरीला आले तर आई बाहेर कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेली, आणि तिच्या पाठीमागं, उघड्या दारात, पॉलिशची मोटर घरघरत होती. शेजारीण ओरडली, "अगं तुझ्या आईला सांग की! जेवल्यापास्नं चालू हाय, माझं डोस्कं उठलं!" आईनं माझ्याकडं बघितलं, मग माझी नजर गेली तिकडं बघितलं आणि धावत जाऊन बटण बंद केलं.

डॉक्टरांच्या कागदाप्रमाणं ती मोटर आईला ऐकू यायला हवी होती.

मी तिच्यासमोर बसले. "आई, त्या खोलीत तुला आवाज येतो?"

"कुटल्या?"

"काचेच्या. बटण कधी दाबतीस तू?"

ती लाजली. पोरीसारखी लाजली. मग सांगून टाकलं. "ती पोरगी काचंपलीकडं बसती न्हवं का, आवाज सोडताना तिचा खांदा हलतोय की. खांदा हलला की मी दाबतो. एकदा दोनदा मुद्दाम सोडतो, तिला खरं वाटाय पायजे म्हणून."

आयुष्यभर चांदीवर नजर ठेवलेली बाई. एक केसाएवढी फट तिच्या डोळ्यांतून सुटत नसे, तर खांदा कसा सुटेल!

"अगं पण हे खोटं आहे!"

"मग खरं सांगून काय मिळतंय? ज्याचा कान पुरा गेला त्याला कोण फुकट बसवतंय? तूच लिवलंयस की पत्रकात."

लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. ज्यांचा कान संपलाय त्यांना या यंत्राचा सगळ्यात जास्त उपयोग, पण ते विकत घ्यायची ऐपत नाही. आणि फुकट मिळतं ते फक्त प्रयोगाच्या दारातून, ज्यांचा कान अजून कामाचा आहे त्यांना. आईनं माझं पत्रक माझ्यापेक्षा नीट वाचलं होतं.

तीन दिवस मी मनात हिशेब मांडत होते. गप्प बसलं असतं तर तिला यंत्र मिळालं असतं. नंतरच्या चाचण्यांतही तिनं खांदा बघून बटण दाबलं असतं, आणि कागदावर लिहिलं गेलं असतं की हिचा उरलेला कान शाबूत राहिला. नसलेला कान औषधानं वाचवला! त्या कागदाच्या भरवशावर उद्या कुणा खऱ्या कानात तार सरकवली असती. आणि त्याचा कान गेल्यावर त्यालाही कुणीतरी म्हटलं असतं, होतं असं कधीकधी.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. आईला आधी सांगून गेले नाही. ज्या गोष्टीबद्दल मी दवाखान्यांना शिव्या घालत आले, माणसाला न विचारता त्याच्याबद्दल ठरवायचं, ती मी केली. त्याला दुसरा शब्द मला आजही सापडत नाही.

त्यांनी आईला पुन्हा बोलावलं आणि काचेकडं पाठ करून बसवलं. मी बाहेरून बघत होते. तपासणारी मुलगी बटण दाबत होती, पुन्हा दाबत होती. आई हातातलं बटण घट्ट धरून भिंतीकडं बघत होती. मग तिनं नुसतंच दाबायला सुरुवात केली, अंदाजानं, पुन्हा पुन्हा, कधीही. मुलीनं मान खाली घातली.

डॉक्टर बाहेर आले. "मावशी, खरं काय ते मला आधीच सांगायचं ना," ते आईला म्हणाले, तोंड नीट उघडून, तिला कळेल असं. आई म्हणाली, "सांगितलं असतं तर घेतलं असतं?" त्यांनी चाचणीचा कागद फायलीत सरकवला. जाताना माझ्याजवळ थांबले. "झालं तुमच्या मनासारखं?"

एसटीत आई खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. मी दोनदा तिच्या खांद्याला हात लावला. तिनं वळून बघितलं नाही. ऐकू येणाऱ्याशी भांडण झालं तर त्याच्या कानाशी ओरडता येतं. जिला ओठच बघायचे नाहीत तिला काय सांगणार?

मी कोल्हापूरची खोली सोडून काही महिने घरी राहिले. गटातले म्हणाले, चळवळ अर्ध्यावर टाकलीस. टाकली. रोज सकाळी आई जोडांचा ढीग पुढ्यात घ्यायची आणि बोटानं टिचक्या मारत बसायची. मी तिच्यासमोर बसून एकेक जोड उचलून हलवायची. एकदा मला मुकं सापडलं, डाव्या पैंजणाला, कडीपासून तिसरं. मी ते बोटात धरून तिच्यापुढं केलं आणि म्हणाले, "आई, हे बघ."

तिनं जोड घेतला. घुंगरू चाचपलं, चिमट्यानं काढलं, दुसरं लावलं. मग तो जोड तिनं हवेत धरला आणि हलवला. इतक्या वर्षांची सवय, मी मान हलवायला तयार होऊन बसले.

तिनं डोळे मिटून घेतले होते.