मीठपाण्याला न बधलेला सूर

रायपूर राजधानी झालं आणि आमच्या ह्यांनी तेलीबांध्याला फ्लॅट घेतला. रेल्वे क्वार्टर सोडायचं ठरताच फर्मान निघालं, "चालू वस्तूच नेऊ. ते धूड नाही येणार."

धूड म्हणजे माझा सिंथेसायझर. बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचं सामान सदर बाजारात विकायला आलं, त्यातून मी तो उचलला होता. जुन्या घडणीचा, एका वेळी एकच सूर वाजे, पण इतका भरदार की फळीवरचे पेले थरथरत. खोड एकच. चालू केला की पट्टी न दाबताही मागे गूं-गूं सुरू.

तेव्हाची मी म्हणजे अतिशहाणी. गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, म्हणून विजेतलंही आपल्याला कळतं असा समज. निदान केलं: अर्थिंग खराब. मग वीज नीट जमिनीत मुरावी म्हणून अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात रोज सकाळी तांब्याने मीठपाणी ओतू लागले. तुळशीला कधी इतक्या भक्तीने घातलं नसेल.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "दीदी, कौन सा व्रत है?"

"बहुत कठिन है," मी गंभीरपणे सांगितलं.

गूं-गूं तसंच. आमची पोट्टी म्हणे, "आई, नमक कम पड़ गया क्या?"

पेले, पातेली बांधून झाली, तरी मी हट्टाने यंत्रापुढे बसले. डोक्यावर ट्यूबलाइटचा चोकही घुमत होता. दुपार तापत गेली. चोकचा सूर आपल्या जागी, आणि यंत्राचं गूं-गूं मात्र हळूहळू वर चढलेलं! विजेची घरघर अशी चढते होय? तंबोरा उन्हात ठेवला की असा उतरतो-चढतो.

झाकण उघडलं. कंपनीच्या हिरव्या सर्किटच्या पाट्यांखाली एक छोटी तपकिरी पाटी होती, हाताने भोकं पाडलेली. यंत्रात सूर काढणारी तीन सर्किटं. त्यातल्या तिसऱ्याची, वाजवायच्या पट्ट्यांकडे जाणारी तार कापून कोणीतरी या तपकिरी पाटीकडे वळवली होती. तिथून दोन तारा मागच्या बाजूच्या, फिरवायच्या दांडीला. तिची मूठ हरवलेली. मी तिला बिनकामाचा स्क्रू समजत होते.

तारा मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या. रेल्वेच्या सिग्नल खात्यातले हे वाकले, गाठींवरून बोट फिरवलं. "हे तं आमच्या सिग्नलवाल्याचं काम दिसून राहिलं. रिले रूममध्ये अशाच बांधतो आम्ही."

मी पक्कडीने दांडी पिळली. गूं-गूं खाली सरकलं आणि काळी चारवर येऊन टेकलं. वर पंचम दाबला. अहाहा! घर रिकामं, आणि सगळं भरून गेलेलं.

षड्ज होता तो. एकाच सुराच्या यंत्राला कोणीतरी सोबत दिली होती. जन्मभर तंबोरे लावणारी मी, बेसूर झालेल्या 'सा'ला मीठपाणी पाजत होते!

जोडणारा तो कोण, कोणासाठी जोडलं, कधी कळलं नाही. पण कापलेल्या तारेचं टोकसुद्धा नीट गुंडाळून ठेवलं होतं, पुढच्याला वाटलं तर परत जोडता यावं म्हणून. असं मन ज्याचं, त्याचे हात तसेच असणार.

मी यंत्र बंद केलं. हे दारातून म्हणाले, "बंद काहून केलं? वाजव ना."

पहिल्या खेपेला गाद्या जायच्या होत्या. गेल्याही. सिंथेसायझरभोवती गुंडाळून, आणि टेम्पोत मागे हे स्वतः त्याला धरून बसलेले.