शिराळ्याच्या सभेत खाली आलेले हात

स्वातंत्र्याला अजून अवकाश होता. निवडणुका लागल्या होत्या आणि आमच्या भागातून पक्षाचा उमेदवार कोण, ते शिराळ्याच्या सभेत ठरायचं होतं. गावोगावच्या सभासदांनी हात वर करून कौल द्यायचा. एका बाजूला माझा थोरला भाऊ. चळवळीत घरदार सोडून डोंगरात राहिला, पकडला गेला, आणि तुरुंगातून सुटला तो क्षयानं छाती पोखरून घेऊनच. दुसरीकडं आमच्याच गावचा बागाईतदार. खादी त्याच्या अंगावर त्याच वर्षी चढली होती. पण वारणेवरचं पाण्याचं इंजिन त्याचं, आणि आमच्यासकट निम्म्या गावचा ऊस त्या पाण्यावर.

दादा डोंगरात असताना मी गवताच्या भाऱ्यात भाकरी लपवून त्याला पोचवायची, म्हणून मलाही सभासद करून घेतलं होतं. सभेआधी मी घरोघर फिरले. जो तो म्हणायचा, "आक्का, आमचा हात तुझ्या भावालाच." आमचे धनीसुद्धा म्हणाले, "ह्यात इचारायचं काय?"

सभा देवळाच्या मंडपात होती. बागाईतदार पुढाऱ्यांत बसला नाही. आमच्या गावची माणसं होती, बरोबर त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. अध्यक्षांनी दादाचं नाव पुकारलं तसे भराभर हात वर गेले. मला रडूच फुटायचं बाकी होतं. पण मोजणारा पलीकडच्या टोकाला होता. तो आमच्यापर्यंत येईतो बागाईतदार कुणाला तरी हसून म्हणाला, "काय गड्या, उसाच्या लावणीला पाणी कवा सोडायचं?"

एक हात खाली आला. मग त्याच्या शेजारचा. एकानं पटका सारखा करायचं निमित्त केलं, तो हात परत वर गेलाच नाही.

मी भान सोडून ओरडले, "आवं, हात खाली घेऊ नगा! तुमच्यापायीच छाती गेली त्याची!"

धन्यांकडं बघितलं. त्यांचा हात मांडीवर होता.

"वर करा की, आवं. पाया पडते तुमच्या."

भरल्या सभेत बोलले मी हे. त्यांनी मान वर केली नाही.

दादा हरला. खांबाला धरून उठला आणि बागाईतदाराच्या गळ्यात त्यानंच हार घातला. मी त्याला बाजूला ओढलं.

"हार कशापायी घातलास?"

"सभेनं निवडलाय. आता त्योच आपला उमेदवार."

"सभेनं न्हाई, पाण्यानं निवडलाय."

"व्हय. ठावं हाय मला," एवढं बोलून तो खोकत खाली बसला.

परतताना गाडीत धनी म्हणाले, "लावणी वाळली असती. पोरांच्या तोंडात काय घातलं असतं?" ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

पुढं अंगात ताप असताना दादा त्याच माणसासाठी गावोगाव बोलत फिरला. मी दारात आडवी झाले, तर मला ओलांडून गेला. बागाईतदार निवडून आला. दादाला आम्ही मिरजेच्या दवाखान्यात न्यायला निघालो, त्याच दिवशी बागाईतदाराची मिरवणूक वाटेत आडवी आली. हात खाली घेतलेले बरेच जण तीत नाचत होते. गाडी ओळखून ते धावत आले, दादाच्या पाया पडले. गुलाल नाकातोंडात गेला आणि दादाला श्वास घेता येईना. "वाट सोडा रं!" मी ओरडत होते, पण वाजंत्र्यात कुणालाच ऐकू जाईना.

दादा मिरजेतच गेला. खांदा द्यायला सगळ्यांत आधी धनी पुढं झाले. त्यांना मागं ओढावं असं फार वाटलं, पण अंगात त्राण उरलं नव्हतं.