दुर्री-तिर्रीचाही वाटा

सफाळ्याच्या स्टेशनला जायला बैलगाडी जुंपली, तेव्हा आई माझ्या पेटीवर बसली आणि मगच तिची कडी लागली. मी ती मुद्दामच वेडीवाकडी भरली होती, बंद होऊ नये म्हणून. लग्नाला चार महिने झाले होते. सासर-माहेर एकाच कोळीवाड्यात, चार घरांच्या अंतरावर, त्यामुळे घर सुटणं म्हणजे काय ते तोवर माहीत नव्हतं. आमचे हे तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर वेल्डर लागले, क्वार्टर मिळाली आणि निघावं लागलं. बाबा माकुणसारपर्यंत गाडीमागे चालत आले. निरोप घेताना म्हणाले, "म्हैनाभर रा. नाय करमला तं सांग. पुनवेच्या दुसऱ्या दिवशी मी येतंय न्यायला."

हसू नका, पोरांनो. तुमच्यातले काही पुढे मस्कतला गेले, काही कॅनडाला. माझा परदेश वीस-पंचवीस मैलांवर होता, पण होता परदेशच. बोईसरला उतरलो तर जो तो हिंदी बोलणारा. तिथून पाम गावाच्या बाजूने ट्रकमध्ये बसून क्वार्टरला. नळ, दिवा, फरशी, सगळं होतं. समुद्रही होता, पण तिथे माझ्या ओळखीची एक होडी नव्हती. वाड्यात मी कुणाची कोण हे कुत्र्यांनाही ठाऊक. इथे मी फक्त वेल्डरची बायको. संध्याकाळ झाली की चंद्र किती भरला ते बघायची. हे विचारायचे, "राहणार ना?" मी चंद्राकडे बोट दाखवायची.

केंद्र उभारायला अमेरिकन इंजिनियर आले होते. त्यातल्या एकाच्या बायकोला, रूथबाईंना, कुणीतरी शिळं पापलेट गळ्यात मारलं. वेल्डरच्या बायकोला मासे कळतात, असं त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी मला बोलावणं धाडलं. मी कल्ले उचकटून मासळी निवडून दिली. बाई इतक्या खूश झाल्या की मला व्हरांड्यात बसवून त्यांनी पत्त्यांचा कॅट काढला. शेजारच्या हरबंसबाई, म्हणजे पंजाबी सुपरवायझरची बायको, आधीच बसलेल्या. रूथबाई इंग्रजीत सांगायच्या, हरबंसबाई त्याचं हिंदी करायच्या आणि मी मनात त्याचं आपल्या बोलीत करायची. तीन भाषांतून गाळून एक खेळ माझ्यापर्यंत आला. त्याचं खरं नाव काहीही असो, मी त्याला मोठा-बारका म्हणायची.

प्रत्येकीला सात पानं. तीन झाकलेली, चार उघडी. पान आलं की मधल्या ढिगात चिंचोके टाकायचे, नाहीतर पानं खाली ठेवून गप्प बसायचं. चिंचोके माझेच, चिंचा फोडून ठेवलेले. शेवटी सातातली पाच पानं निवडायची. जिची पाच सगळ्यांत मोठी तिला अर्धा ढीग आणि जिची पाच सगळ्यांत बारकी तिला उरलेला अर्धा. हे माझ्या डोक्यात शिरेचना. पत्त्यांत दुर्री-तिर्री म्हणजे केरकचरा, हे लहानपणापासून हाडीमाशी खिळलेलं. ती हातात आली की मी पानं खाली टाकायची आणि रूथबाई कपाळावर हात मारून घ्यायच्या. हरबंसबाई ओरडायच्या, "अरी पगली, यही तो जीत रही थी!"

वाईट हात म्हणजे नव्व्या-दश्श्यांचा. धड मोठा नाही, धड बारका नाही. ते कळलं तेव्हा मला तिथेच रडू फुटलं. माझं तसंच झालं होतं. वाड्यातून उठले होते आणि इथे बसले नव्हते. रूथबाईंना वाटलं मी हरले म्हणून रडतेय. त्यांनी मला केक खायला घातला.

पानं उघडण्याआधी आणखी एक गंमत असायची. हात टेबलाखाली न्यायचा, मुठीत चिंचोके घ्यायचे आणि सगळ्यांनी मुठी एकदम उघडायच्या. मूठ रिकामी असली तर बारक्यासाठी, एक चिंचोका असला तर मोठ्यासाठी, दोन असले तर दोन्हीसाठी. दोन्ही मागून एक जरी हुकलं, तर हाती धुपाटणं. म्हणून दोन चिंचोके घ्यायची माझी कधी छाती झाली नाही. पण हळूहळू गोडी लागली. भाकऱ्या भाजताना पानं आठवायची आणि दुपार कधी होते असं व्हायचं.

एका दुपारी माझ्याकडे एक्का, दुर्री, तिर्री आणि पंजी जमली. शेवटचं पान उचललं तर चव्वी. एक्क्याला या खेळात एकही धरतात, म्हणजे सगळ्यांत बारकी पाच पानं, आणि सलग म्हणून रूथबाईंच्या तीन राजांनाही भारी. मी मुठीत दोन चिंचोके घेतले. मुठी उघडल्या, पानं उघडली, आणि रूथबाईंनी अख्खा ढीग माझ्यापुढे लोटला.

मी तो ओढून घेतला आणि त्याचे तीन वाटे घालायला लागले. मुद्दाम नाही, हात आपोआप चालले. आपल्याकडे जाळं किनाऱ्याला लागलं की सगळी मासळी कुणी एकटा घरी नेतो का? वाटे घालतात. एक जण वाट्यावर बोट ठेवून विचारतो, दुसरा पाठ फिरवून नाव घेतो, म्हणजे लबाडी नको. रूथबाई "नो, नो, ऑल युवर्स!" म्हणत राहिल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "यो कोनाचा?"

"गोऱ्या बाईचा," पायरीवरून आवाज आला.

वळून बघितलं तर बाबा. आमच्याकडे पाठ करून उभे. मी पुढच्या वाट्यावर बोट ठेवलं. "यो कोनाचा?"

"सलवारवाल्या बाईचा."

"आनि यो?"

"माज्या बायचा," बाबा म्हणाले आणि वळले.

जो दोन्ही जिंकेल त्याने वाटे घालायचे, असा नियम रूथबाईंनी दुसऱ्याच दिवशी केला. इतके दिवस मी त्यांचे नियम शिकत होते. त्यांनी माझा एक घेतला.

क्वार्टरमध्ये आल्यावर बाबांनी विचारलं, "पेटी भरलीस ना?" तेव्हा कुठे ध्यानात आलं, काल पुनव झाली. मी चंद्राकडे बघितलंच नव्हतं. बाबांनी पेटी खाटेखालून ओढली, झाकण उघडलं.

"यात तं कांदं हायत."

मला रडायलाच आलं. आई दारात वाट बघत बसली असेल आणि मी इकडे पत्ते कुटतेय.

बाबा म्हणाले, "रडतंस कनाला? तुजी आय लगीन होऊन आली तवा तिचा बापूस तीनदा न्यायला आल्ता. तिसऱ्या टायमाला ती म्हनाली, मना टायम नाय." मग पोटभर जेवले आणि एकटेच परत गेले.

मी राहिले. बोईसरला घर बांधलं, मुलं इथेच वाढली. सुनांनाही मोठा-बारका येतो. आणि वाड्यात भावाच्या पोराची होडी लागली की अजून माझ्या नावाचा वाटा निघतो. मी तिथे असो वा नसो. कुणीतरी पाठ फिरवून माझं नाव घेतंच. माझ्यासाठी घर म्हणजे हेच. तो वाटा माझ्यापर्यंत पोचत नाही, ते सोडा. भावजय शिजवते, खाते आणि मग मला फोन करते.

"वन्सं, तुमच्या वाट्याला आज सरंगा आल्ता. लय गोड व्हता."