तीनदा लावलेलं लग्न

रानशेतच्या पाड्यावर लग्न लावायला भट लागत नाही. सुकी लागते. ती धवलेरी. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लिहिलेल्या चौकाच्या चित्रापुढे बसून ती गाणं म्हणते, एकेका देवाला बोलावते. गाणं संपलं की लग्न लागलं. आजवर किती लावली, तिलाच सांगता येत नाही.

संध्याकाळी सात वाजता मात्र ती कोणाची नाही. सातला तिची सिरियल असते. डोंगरातल्या आदिवासी मुलीची गोष्ट. चार वर्षं सुकी ती रोज बघते आणि रोज शिव्या घालते.

"झोपताना पण लिपस्टिक! आणि ही म्हणे लाकडं फोडते. नखं बघ बयेची."

"मग बघतेस कशाला, मावशी?" दक्षा विचारायची. दक्षा तिच्या बहिणीची मुलगी, तलासरीच्या कॉलेजात शिकलेली.

"बाधत नाय म्हणून. सगळं खोटं हाय. खोटं कोणाला बाधत नाय."

बाधला तो पिक्चर.

दोन वर्षांपूर्वी मुंबईची एक बाई आली होती. सोबत सहा माणसं आणि एक कॅमेरा. बाईला सगळं खरं पाहिजे होतं. घर खरं, चौक खरा, धवलेरी खरी. नवरीसुद्धा पाड्यावरची, म्हणून दक्षा. नवरा तेवढा मुंबईचा नट, दाढीवाला. सुकीनं आधीच बजावलं, गाणं अर्धं म्हणणार नाय. बोलावलेल्या देवांना अर्ध्यावर सोडता येत नाय. बाई खूश झाली. गाणं पुरं झालं. बाई म्हणाली, पुन्हा एकदा. मग मध्येच कोंबडा आरवला म्हणून आणखी एकदा.

यंदाच्या हिवाळ्यात डहाणूच्या एका हॉलमध्ये पिक्चर दाखवला. पाड्यावरचे सगळे टेम्पोनं गेले. पहिला अर्धा तास पडद्यावर एक झाड उभं होतं. "म्हैस पण कंटाळली असती," सुकी मोठ्यानं म्हणाली. पुढचे लोक वळून बघायला लागले. मग तिचं गाणं आलं. चार ओळी. त्यावर कोणीतरी व्हायोलिन चढवलं होतं. तिचं तोंड कडू झालं. एवढ्यात दक्षाच्या कपाळाला तांदूळ लागले, आणि सुकी बोटांवर मोजायला लागली. चौक सवाशिणींनी लिहिलेला. देव तिनं बोलावलेले. यात खोटं काहीच नव्हतं.

महिन्याभरानं दक्षाचं तलासरीच्या मिथुनशी ठरलं. दोघं सुकीकडे दिवस विचारायला आले.

"मी नाय लावणार. हिचं लावलंय मी. तीनदा."

मिथुनला वाटलं म्हातारी मस्करी करते. "मावशी, ते शूटिंग होतं."

"त्यांचं शूटिंग. माझं गाणं."

"मग दुसरी धवलेरी आणतो."

"आण. ती मलाच विचारील, हिचं आधी कोणी लावलं का. मी काय खोटं बोलू?"

दक्षा म्हणाली, "मग मोड की."

"काडी दोघांनी मोडायची असते. बोलव त्याला."

दक्षानं नटाला फोन केला. तो खूप हसला. मग सॉरी म्हणाला. मग म्हणाला, शूटिंग चालू आहे, सुट्टी नाही. दुसऱ्या दिवशी पिक्चरवाल्या बाईचा फोन आला. काडीमोड कधी आहे? कॅमेरा घेऊन येते.

"नको म्हणून सांग," सुकी कडाडली. "ती तिथं पण पुन्हा एकदा म्हणेल."

लग्नाचे दिवस सरत चालले. मिथुनच्या घरून निरोपावर निरोप आले. दक्षाशी तिच्या आईनं अबोला धरला, दक्षानं सुकीशी. सुकीला कळत होतं, पोर आपल्या गाण्यानं अडकली. पण गाणं परत गिळता येत नाही.

एका मंगळवारी, सात वाजून गेल्यावर, दक्षा धावत आली. "मावशी, तो बघ!"

सिरियलमध्ये लग्न चाललं होतं. पाटावर तो नट बसला होता. दाढी नव्हती, फेटा होता. भट मंगलाष्टकं म्हणत होता.

"तोच ना?"

"तोच."

"घरवाल्यानं दुसरी केली की पहिली मोकळी. तूच सांगतेस."

सुकीनं हे खरं मानलं तर पोर सुटत होती. पण मग चार वर्षं आपण काय म्हणत आलो?

"डोंगरातल्या पोरीला भट," ती पुटपुटली. "गाणं नाय, चौक नाय."

"मावशी!"

अक्षता पडल्या. जाहिरात लागली. सुकी उठली, कोपऱ्यातल्या केरसुणीतून तीन काड्या ओढल्या.

"तीन कशाला?"

"लावलं किती वेळा? मोड."

"आणि त्याची बाजू?"

"त्यानं मोडली. सगळ्या महाराष्ट्रानं बघितली."

दक्षानं एकेक काडी मोडली. हसू दाबायचा तिनं खूप प्रयत्न केला. सुकीला हसू येत नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला होता.

"मिथुनला सांग, रविवारी मांडव घाल. आणि एकाचा जरी मोबाईल वर दिसला, तर मी मध्येच उठेन. मग बसा तसेच, ना लागलेले ना मोडलेले."